जपानी अक्षरमालेतलं शेवटचं अक्षर आणि सुरतेची जीभ

सुरत जिल्ह्यातल्या अंत्रोली गावापाशी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं स्थानक उभं राहिलं आहे. 508 किलोमीटरच्या मार्गावरच्या बारा स्थानकांपैकी हे एक, आणि सुरतेचं म्हणून त्याच्या दर्शनी भागाला हिऱ्याच्या पैलूंचा आकार. रुळांचं तंत्र जपानी. ते रूळ कसे टाकायचे याचे धडे जपानी तज्ज्ञांनी आपल्या अभियंत्यांना सुरतच्याच डेपोत दिले. साहजिकच या गाडीचं जपानी नावही आपल्याकडे रुळलं: शिंकान्सेन.

मराठी वर्तमानपत्रं हा शब्द कसा छापतात ते पाहा. पहिल्या नाकातल्या ध्वनीला टिंब, दुसऱ्याला अर्धा न, तिसऱ्याला पूर्ण न. एकाच शब्दात तीन सोयी. जपानी माणूस हाच शब्द आपल्या काना लिपीत लिहितो तेव्हा (हा काना आपल्या काना-मात्रेतला नव्हे) सहा अक्षरं होतात. पहिलं शि, तिसरं का, पाचवं से. दुसरं, चौथं आणि सहावं मात्र एकच. तेच अक्षर तीनदा लिहिलं जातं आणि तिन्ही वेळा वेगळं उच्चारलं जातं. या लेखाचा विषय ते अक्षर आहे.

जपानी व्याकरणात त्या ध्वनीला हात्सुओन म्हणतात. हिरागाना या गोलसर वळणाच्या लिपीत ते हात न उचलता एका फटक्यात काढतात: वरून डावीकडे तिरपी उतरणारी रेघ, तिथूनच मागे वळून उचललेली छोटी कमान, आणि शेवटी उजवीकडे वर निघून जाणारं शेपूट. परदेशी नावं लिहायला वापरतात त्या काताकाना लिपीत त्याच्या दोन रेघा असतात. वर डावीकडे एक आखूड रेघ आणि खाली डावीकडून उजवीकडे वर ओढलेली एक लांब रेघ. हीच लांब रेघ वरून खाली ओढली की ते ‘सो’ होतं. छापलेल्या पानावर ही दोन अक्षरं जुळ्या भावांसारखी दिसतात आणि नवशिके हमखास फसतात. हात कुठून कुठे गेला हे कळलं तरच ओळख पटते.

हे अक्षर तक्त्यात बसतं कुठे, ते मराठी वाचकाला सांगायची गोष्ट आहे. जपानी तक्त्याचं नाव गोजूओन, म्हणजे पन्नास ध्वनी. स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. आणि व्यंजनांच्या ओळी अशा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपलाच आहे. कंठ्यापासून सुरू करून ओठांपर्यंत यायचं आणि मग य, र, व. मध्येच ‘सा’ कसा आला? तर ही मांडणी झाली तेव्हा जपानी ‘सा’चा उच्चार च किंवा त्सकडे झुकणारा होता, म्हणून तो चवर्गाच्या जागी बसला. आणि ‘हा’ पवर्गाच्या जागी का? तर तो मुळात ‘पा’ होता, नंतर ओठ सैल होत होत ‘फा’ झाला आणि अखेर ‘हा’. ना तवर्गाच्या मागे, मा पवर्गाच्या मागे, अगदी आपल्यासारखं. जपानी बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत मंत्रांचा अभ्यास करत, त्या अभ्यासातून ही मांडणी आली. सिद्धम् ही आपल्या नागरीची चुलत बहीण. दोघी गुप्तकालीन ब्राह्मीच्या वंशातल्या. कूकाई हा भिक्षू 804 साली चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय आचार्याकडे शिकला आणि 806 मध्ये ही विद्या घेऊन परतला. मांडणीचे सर्वांत जुने कागद अकराव्या शतकातले आहेत.

हात्सुओन मात्र या चौकटीच्या बाहेर आहे. पन्नासांत ते नाहीच. तक्ता संपला की खाली एकटं काढून ठेवलेलं असतं. आज वापरातली मूळ अक्षरं 46 धरतात, त्यातलं हे सेहेचाळिसावं. आपल्या बाराखडीत ‘अं’ जसा औ संपल्यावर जोडून दिलेला, तसाच हा प्रकार. जोडीतलं साम्य तेवढ्यावर थांबत नाही, आणि तिथेच सुरत कामाला येते.

तापीकाठच्या या शहरात खानदेशातून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. धुळे, नंदुरबार, जळगावहून भुसावळ-सुरत लाइनने यायचं, उधन्याला उतरायचं आणि पॉवरलूम नाहीतर डाइंगच्या कारखान्यात लागायचं, हा पिढ्यांचा रस्ता. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. आता याच लोकांच्या तोंडची गावांची नावं घ्या. लिंबायत: टिंबाचा उच्चार म्. अंत्रोली: न्. डिंडोली आणि पांडेसरा: ण्. जरा उत्तरेला अंकलेश्वर: ङ्. टिंब एकच, पण पुढचं व्यंजन तोंडात जिथे तयार होतं तिथलंच अनुनासिक जीभ उचलते. कोणी शिकवत नाही, आपोआप होतं. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात हा नियम एका छोट्या सूत्रात सांगून टाकला आहे. व्याकरणात त्याला परसवर्ण म्हणतात.

जपानी अक्षर हुबेहूब तेच करतं. ‘गिंको’ म्हणजे बँक, तिथे ङ्. ‘निंजा’ तर सगळ्यांना ठाऊक, तिथे ञ्. ‘बेंतो’ म्हणजे डबा, तिथे न्. ‘तेंपुरा’ आणि ‘शिंबुं’ (वर्तमानपत्र), इथे म्. ण् तेवढा नाही, कारण जपानीत टवर्गच नाही. मुंबईचं नाव जपानी लोक काताकानात मु, हे अक्षर, बा, इ असं चार अक्षरांत लिहितात आणि पुढे ब असल्यामुळे ते बरोबर ‘मुम्बाइ’ वाचलं जातं. लिंबायत लिहायचं झालं तर तिथेही हेच अक्षर येईल.

रोमन लिपीने मात्र या अक्षराची पंचाईत केली. जुन्या हेपबर्न पद्धतीत ब, प, म यांच्या आधी ते रोमन ‘एम’ने लिहीत, एरवी ‘एन’ने. नव्या पद्धतीत सगळीकडे ‘एन’. तोक्योचं शिंबाशी स्थानक पाटीवर अजून ‘एम’ने लिहिलेलं दिसतं, आणि त्याच नावाचं स्पेलिंग दुसरीकडे कुठे ‘एन’ने. मूळ लिपीत वाद नाहीच. आपल्याकडेही मुंबई इंग्रजीत ‘एम’ने, डिंडोली ‘एन’ने, आणि देवनागरीत वा गुजरातीत दोन्हीकडे नुसतं टिंब.

आता अवघड उच्चारांकडे येऊ. पुढे स, श, ह, य, व किंवा स्वर आला तर काय? परसवर्णाला तिथे पकडायला जागा नसते. जपानी माणूस अशा वेळी जीभ कुठेही टेकवत नाही. आधीचा स्वर नाकातून लांबवतो. ‘शिंकान्सेन’मधलं मधलं अक्षर असंच. पुढे स आहे, म्हणून तिथे खरा न् येतच नाही. ‘देंशा’ म्हणजे विजेवरची लोकल गाडी, तिथेही तसंच. मराठी माणसाने क्षणभर थांबून स्वतःचा ‘संसार’ उच्चारावा. आपण ‘सन्सार’ म्हणत नाही, ‘सम्सार’ही नाही, सौंसारकडे झुकणारं, नाकातून वकार गेल्यासारखं काहीतरी म्हणतो. ‘संशय’, ‘हंस’, ‘वंश’, ‘अंश’ सगळे असेच. शुद्धलेखनाच्या नियमांतही य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्याआधी फक्त शीर्षबिंदू द्यावा असं वेगळं कलम आहे, ते याच कारणाने: तिथे लिहायला अर्धं अक्षरच नाही. हिंदी भाषक याच जागी सरळ न् म्हणतो आणि गुजराती जीभही बहुधा तिकडेच झुकते. म्हणजे स-श पुढच्या हात्सुओनचा उच्चार मराठी माणसाला घरातूनच मिळालेला आहे.

शब्दाच्या शेवटी मात्र मराठी कमी पडते. ‘निहों’ म्हणजे जपान, ‘एं’ म्हणजे त्यांचं येन हे चलन. इथे जिभेचं टोक दातांमागे टेकलं की उच्चार बिघडलाच. आवाज पार मागे, पडजिभेपाशी बंद होतो, आणि पुष्कळदा पुरता बंदही होत नाही, स्वरच नाकातून जातो. आजची प्रमाण मराठी शब्दाच्या शेवटी असं काही करत नाही. आपण ‘केलं’, ‘असं’, ‘घर बांधलं’ लिहितो, त्यावर टिंब असतं, पण नाकातून काही येत नाही. तो फक्त लांबलेला अ. पूर्वी ‘घरीं’, ‘नांव’, ‘पांच’, ‘कां’ असं लिहीत. 1962 साली महाराष्ट्र शासनाने साहित्य महामंडळाचे नियम स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे हे अनुस्वार एका फटक्यात गेले. माझ्या मते ते बरंच झालं. मुलांच्या वह्यांवरचा लाल शाईचा पाऊस थांबला. पण त्यामुळे शेवटच्या टिंबावर मराठी वाचकाचा विश्वास मात्र उरला नाही. अनुस्वार अर्थ बदलतो तो आता शब्दाच्या पोटात, ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ यांत.

गुजरातीत तसं झालं नाही. ‘हुं’ म्हणजे मी, ‘शुं’ म्हणजे काय, ‘अहीं’ म्हणजे इथे, ‘क्यां’ म्हणजे कुठे. ही शेवटची टिंबं लिहिलीही जातात आणि नाकातून ऐकूही येतात. नपुंसकलिंग त्यांच्यावरच उभं आहे: सारो, सारी, सारुं. सुरतेच्याच नर्मदाशंकर दवे यांनी, म्हणजे कवी नर्मद यांनी, 1873 मध्ये ‘नर्मकोश’ पुरा केला. पुढे 1929 मध्ये गुजरात विद्यापीठाने जोडणीकोश काढून शब्द कसे लिहायचे ते ठरवून दिलं. या साऱ्या प्रवासात शेवटचं टिंब टिकलं, कारण ते उच्चारात होतं. लिंबायतमधलं मराठी पोर घरी ‘संसार’ म्हणतं आणि गल्लीत ‘शुं छे?’ विचारतं. त्याच्या तोंडात हात्सुओनचे जवळपास सगळे उच्चार तयार आहेत: वर्गातली अनुनासिकं दोन्ही भाषांतून, स-श पुढचं मराठीतून, शब्दाच्या शेवटचं गुजरातीतून. पुण्यात जपानी शिकणाऱ्याला यातला शेवटचा भाग नव्याने शिकावा लागतो. सुरतकराला तो फुकट मिळतो.

मात्रांचा हिशेबही जमतो. जपानीत प्रत्येक काना अक्षर एक ठोका घेतं, आणि हात्सुओनलाही आपला पूर्ण ठोका आहे. हायकूतले पाच-सात-पाच मोजताना ते वेगळं मोजतात. म्हणून शिंकान्सेन सहा ठोक्यांचा. आपल्या वृत्तशास्त्रात शि ही एक मात्रा, पण शिं म्हटलं की गुरू, दोन मात्रा. शिं, कां, सें मिळून सहाच. फरक इतकाच, की आपण ती जादा मात्रा अक्षराच्या पोटात घालतो आणि जपानी तिला स्वतंत्र घर देतात.

हे घर त्यांना उशिरा मिळालं. आठव्या शतकातल्या जपानीत शब्दाच्या शेवटी किंवा मध्ये असा सुटा नाकातला ध्वनी नव्हताच. प्रत्येक अक्षर स्वरावर संपायचं. चिनी शब्द आले, तसे त्यांच्या शेवटचे न्, म्, ङ् आले. त्याच सुमारास बोलण्यात देशी शब्दही झिजले. ‘योमिते’, म्हणजे वाचून, याचं ‘योंदे’ झालं. ‘शिनिते’, म्हणजे मरून, याचं झालं ‘शिंदे’. (शिंदे आडनावाच्या माणसाने जपानमध्ये ओळख करून देताना पुढे आदराचं ‘सान’ लावायची वाट पाहू नये, पटकन विषय बदलावा.) ध्वनी आला तरी लिहायला अक्षर नव्हतं. त्यानंतरच्या हेइआन काळातल्या गद्यात तो पुष्कळदा लिहीतच नसत, वाचणाऱ्याने समजून घ्यायचा. कधी ‘मु’ लिहून भागवत. 1079 सालच्या एका ग्रंथात पहिल्यांदा सापडणारी इरोहा नावाची कविता सगळी अक्षरं एकेकदाच वापरून रचलेली आहे, तिच्यात 47 अक्षरं आहेत आणि हे नाही. अकराव्या-बाराव्या शतकात ते कागदावर दिसू लागतं. हिरागानातलं रूप ज्या चिनी अक्षराच्या झपाट्याच्या वळणातून आलं त्याचा अर्थ ‘नाही’ असा. पुढे कित्येक शतकं त्याच वळणाने ‘मु’ही लिहीत. एका ध्वनीला एकच अक्षर हे 1900 साली प्राथमिक शाळांच्या सरकारी नियमांनी पक्कं केलं, तेव्हा हात्सुओनला तक्त्यात अधिकृत जागा मिळाली.

अनुस्वार म्हणजेच हे अक्षर, हे मी आज सुरतेत बसून ठरवत नाही. जपानी भिक्षूंनी ते फार आधी ठरवलं होतं. सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं तिथल्या मंदिरांत आणि थडग्यांमागच्या लाकडी पट्ट्यांवर आजही लिहिली जातात. वैरोचन बुद्धाचं बीज ‘वं’, ते जपानी ‘बां’ वाचतात. मंजुश्रीचं ‘मं’, वाचन ‘मां’. समंतभद्राचं ‘अं’, वाचन ‘आं’. काताकानात वाचन लिहिताना टिंबाच्या जागी दर वेळी हेच अक्षर येतं. ‘हूं’ या बीजाचं त्यांनी ‘उं’ केलं, आणि कूकाईने त्या एका अक्षराच्या अर्थावर अख्खा ग्रंथ लिहिला. मंदिराच्या दारात दोन राकट द्वारपाल असतात: एकाचं तोंड उघडं, तो ‘अ’ म्हणतो, दुसऱ्याचं मिटलेलं, तो ‘उं’. आरंभ आणि शेवट. नारा इथल्या तोदाइजी मंदिराच्या दक्षिण महाद्वारातली 1203 सालची जोडी आठ मीटरहून उंच आहे. बोलल्याशिवाय एकमेकांचं मन कळणाऱ्या दोघांना जपानी आजही ‘आ-उं’चा श्वास जुळलेले म्हणतात.

हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, यावर तिथल्या पोरांचा एक खेळ उभा आहे. शिरितोरी. आपल्या भेंड्यांसारखाच, गाण्याऐवजी शब्द, आणि मागच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून पुढचा. ज्याचा शब्द हात्सुओनवर संपला तो बाद, कारण पुढच्याला शब्दच उरत नाही. आपल्या भेंड्यांत ‘ण’ किंवा ‘ळ’ आला की आपण न आणि ल वर तडजोड करतो. जपानी पोरं तडजोड करत नाहीत. आफ्रिकेतल्या चाड देशाच्या राजधानीचं नाव जपानीत याच अक्षराने सुरू होतं, तेवढी एक पळवाट.

शब्दाच्या सुरुवातीला बंदी असली, तरी बोलण्यात मात्र हे अक्षर एकटंही निघतं. ‘उं’ म्हणजे हो, ‘उउं’ म्हणजे नाही. आपण ‘हं’ आणि ‘अंहं’ म्हणतो. फोनवर तास तास हा एवढाच संवाद दोन्हीकडे चालतो.

शिकणाऱ्यांची खरी अडचण रोमन अक्षरातून शिकण्याची आहे. ‘किनेन’ म्हणजे स्मरण, आणि ‘किंएं’ म्हणजे धूम्रपानास मनाई. रोमन लिपीत दोघांत फक्त एका वरच्या स्वल्पविरामाचा फरक. ‘एन’ म्हणून पाठ केलेला मराठी विद्यार्थी पुढचा ‘ए’ त्याला चिकटवतो आणि मनाईची पाटी स्मारक होऊन बसते. संगणकावर हे अक्षर उमटवायला ‘एन’ची कळ दोनदा दाबावी लागते, ती याच गोंधळापायी. देवनागरीत हा गोंधळ होण्याचं कारणच नाही: एकीकडे ‘ने’, दुसरीकडे टिंब आणि ‘ए’.

तेव्हा मराठीतून जपानी शिकवणाऱ्यांना आणि पुस्तकं काढणाऱ्यांना एक सांगणं. तक्त्यातल्या या शेवटच्या अक्षरासमोर ‘न’ छापू नका, टिंब छापा. खाली चार शब्द द्या: अंक, अंत, लिंबू, संसार. आणि शब्दाच्या शेवटी ते कसं म्हणायचं हे विद्यार्थ्याने विचारलं, तर त्याला सुरतेतल्या कोणत्याही रिक्षावाल्याचं ‘शुं’ नीट ऐकायला सांगा.